दोन हजार ब्याण्णव किलोमीटर

सना, ३ ऑक्टोबर २०१८

मुतह्हर,

हे पत्र तुझ्या हाती पडलं तर समज, इथला एक आजारी माणूस कैरोपर्यंत जिवंत पोचला. लढाई सुरू झाल्यापासून टपालावर भरवसा उरला नाही, म्हणून आम्ही पत्रं अशीच पाठवतो. एडनच्या गाडीचा ड्रायव्हर हमूद ती गोळा करतो आणि तिथून विमानात बसणाऱ्या कुणातरी रुग्णाच्या खिशात घालतो. फोन करून पाहिला असता, पण नंबर तू बदललास. आणि नवा मिळवला असता तरी माझा आवाज ऐकून तू ठेवून दिला असतास. पत्र निदान फोडावं तरी लागतं.

माफी मागायला लिहीत नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेच्या पटांगणात सातशे मुली आणि त्यांच्या आयांसमोर तुझं नाव घेऊन मी म्हणाले होते, "जो बुडत्या घरातून आधी आपलं अंथरूण बाहेर काढतो, तो त्या घरचा नव्हे." ते वाक्य मी मागे घेत नाही. मी आजही इथेच आहे, शाळा आजही भरते आहे, आणि फळ्यावर लिहिणारीला पगार मिळो न मिळो, खडू संपलेला नाही.

काम गदीरचं आहे. लहानपणी तिचे गुडघे सुजायचे, तू तिला खांद्यावर घेऊन जिना चढवायचास, आठवत असेल. तेच दुखणं हृदयात उतरलं. झडप आवळत चालली आहे. एकोणीस वर्षांची पोर चार पायऱ्या चढून भिंतीला टेकते. इथल्या डॉक्टरांनी हात टेकले. कैरोच्या डॉक्टरांनी कागद बघून १५ नोव्हेंबर ही तारीख दिली आहे. महिनाभर थांबता येईल, दोन महिने नाही, असं इथले डॉक्टर म्हणाले आणि माझ्या नजरेला नजर न देता पेन शोधायला लागले.

शनिवारी आम्ही दोघी हमूदच्या गाडीत बसून निघालो. शहराबाहेरच्या नाक्यावर गाडी अडवली. वीस-एकवीसचा पोरगा, गालात क़ातच्या नशिल्या पानांचा तोबरा, खांद्यावर बंदूक.

"बरोबर पुरुष कोण आहे?"

"तू दिसतोयस ना एक," मी म्हणाले. गाडीतल्या बायका हसल्या. तिथेच बिनसलं.

"नवरा?"

"अल्लाकडे."

"मुलगा? भाऊ?"

"मुलगा नाही. भाऊ कैरोत."

"मग बाई, घरी जा."

मी खाली उतरले आणि बोलले. पाव तास बोलले असेन. पैगंबरांच्या काळातल्या बायकांपासून सुरुवात केली आणि त्याच्या स्वतःच्या आईपर्यंत आले. त्याने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "माझी बहीण तुमच्याच शाळेत होती. म्हणायची, बाई छान बोलतात. खरंच छान बोलता. गाडी मागे घ्या."

नवरा, बाप, भाऊ, मुलगा, काका नाहीतर मामा, यांतला एक सोबत असल्याशिवाय बाईमाणसाला शहर सोडता येत नाही, असा हुकूम आहे. गदीरचे बाबा गेले. काका नाही. मामा एकच, आणि तो तू.

सव्वीस वर्षं तू विमानतळाच्या त्या खोलीत बसून उड्डाणांचे कागद केलेस. कुठून कुठे किती अंतर, वारा कुठला, इंधन किती, वेळ किती. हाही हिशेब तूच कर आणि ये. ही विनंती नाही. गदीरचा तुझ्यावर हक्क आहे.

हूरिया


सना, २१ ऑक्टोबर २०१८

मुतह्हर,

पहिलं पत्र नेणारे गृहस्थ एडनच्या विमानतळावरच वारले. हमूदने त्यांच्या कोटाच्या खिशातून पत्र काढून पुढच्या विमानाने जाणाऱ्या एका बाईंकडे दिलं. माझे दहा दिवस वाया गेले. आताच हे वाक्य लिहिलं आणि पाहिलं, की मी 'माझे' लिहिलं आहे. त्यांच्या बायकोला भेटायला गेले होते तेव्हा मात्र असलं काही बोलले नाही.

गदीरला आता तळमजल्यावर आणलं आहे. जिथे अम्माच्या वेळी बकऱ्या बांधायचो आणि धान्य ठेवायचो, त्या खोलीत. पाच मजले वर आपली ती चांगली खोली, चारी बाजूंनी डोंगर दिसणारी, रिकामी पडली आहे. पावलं सुजली आहेत. बोट दाबलं की खळगा पडतो आणि बराच वेळ तसाच राहतो. आडवं झालं की दम लागतो, म्हणून बसूनच झोपते.

तोंड मात्र चालू आहे. परवा फोनवर काहीतरी वाचत होती. म्हणाली, "आई, ऐक. सना ते कैरो, दोन हजार ब्याण्णव किलोमीटर. विमानाने अंदाजे तीन तास. खाली विचारलंय, खिडकीजवळची जागा हवी का?"

"विमानतळ बंद आहे, हे नाही लिहिलं?"

"त्यांना कोण सांगणार? तूच एक भाषण कर."

मग थोड्या वेळाने म्हणाली, "मामाला हे पान पाठवलं तर तो चूक काढेल. म्हणेल, वारा धरलेला नाही."

हमूद काल आला होता. दाराजवळच बसला. मी म्हणाले, "वर ये, गालिच्यावर बस." तो म्हणाला, "इथेच बरंय बाई, चपला डोळ्यांसमोर राहतात." कॉफीच्या टरफलांच्या किश्रचा पेला हातात फिरवत राहिला. मग म्हणाला, "रागावणार नसाल तर एक बोलू?"

"बोल."

"नाक्यावर कागद बघतात. कागद काझी लिहितो. त्यात तुमचं नि माझं नाव घालायचं. तुम्ही बायको, पोरगी सावत्र मुलगी. झालं. कैरोत उतरलात की मी तलाक देतो आणि परत येऊन गाडीला लागतो."

"आणि तुझी बायको?"

"विचारलं की. म्हणाली, कागदावरची सवत भाकरी मागत नाही, आण."

मी उठून उभी राहिले. निकाह हा अल्लासमोरचा करार आहे, नाक्यावर दाखवायची चिठ्ठी नव्हे, हे मी त्याला सांगितलं. दाखले दिले. कुराणातल्या आयती सांगितल्या. जुलमी हुकुमापुढे खोटं बोलून सुटणारा तो हुकूम आणखी पक्का करतो, हेही सांगितलं. प्रत्येक शब्द खरा होता. हमूद खाली मान घालून ऐकत होता. शेवटी म्हणाला, "बरोबर आहे, बाई," आणि चपला घालून गेला.

गदीर भिंतीला टेकून बसली होती. म्हणाली, "आई, जिंकलीस. आता मला जरा पुढे वाकवून धर, श्वास पुरत नाहीये."

मी धरलं. माझ्या खांद्यावर कपाळ टेकून म्हणाली, "खरं कारण ते नव्हतं."

तू ये, मुतह्हर. पत्र मिळताच नीघ.

हूरिया


सना, २ नोव्हेंबर २०१८

मुतह्हर,

आले तुझे शब्द. सलाम नाही, नाव नाही, चार ओळी. मी त्या इतक्यांदा वाचल्या की तोंडपाठ झाल्या. "रविवार ४ नोव्हेंबर, कैरो ते एडन, २३८० किलोमीटर, साडेतीन तास, वाटेत तपासणीसाठी थांबा दोन तास. सोमवारी सकाळी एडनहून हमूदच्या गाडीने, घाटरस्त्यांनी अठरा ते वीस तास. मंगळवारी दुपारच्या आत पोचतो. गदीरला मीठ देऊ नकोस."

शेवटची ओळ गदीरने माझ्याकडून तीनदा वाचून घेतली. तिसऱ्यांदा म्हणाली, "मामाच आहे."

हे पत्र हमूद तुला एडनच्या विमानतळावर देईल. त्याच्या गाडीत पुढे बस, मागे हाडं खिळखिळी होतात. पूर्वी सहा तासांत यायचो आपण, वाटेत मासे खाऊन. आता रस्ता कुठे तुटलेला, कुठे अडवलेला. डोंगरांवरून फिरून फिरून येतात.

तू येतो आहेस, तर एक गोष्ट मी आधी बोलते, म्हणजे दारात बोलावी लागणार नाही. दोन वर्षांपूर्वी ऑगस्टमध्ये तू विमानात तीन जागा काढल्या होत्यास. तुझी, माझी, गदीरची. तू म्हणालास, "ताई, पोरीचं हृदय एकदा तिथे दाखवून येऊ, मग हवं तर परत ये." मी तिकिटं तुझ्या समोर फाडली आणि दुसऱ्या दिवशी पटांगणात ते वाक्य बोलले. तू एकटा गेलास. त्याच आठवड्यात विमानतळ बंद झाला. त्यानंतर आजवर त्या धावपट्टीवर तिकीट काढून कुणी विमानात चढलं नाही. गदीरला तिकिटांचं ठाऊक नव्हतं. मागच्या आठवड्यात मी सांगितलं. तिने विचारलं, "खिडकीजवळची कुणाची होती?" मी म्हणाले, "तुझी."

आज हमूद पत्र न्यायला आला तेव्हा गदीरने मला ऐकवत त्याला विचारलं, "काका, तुम्ही उद्या एडनला निघता. कागद आज झाला तर आम्हीही उद्याच निघू. मामा रविवारी तिथेच उतरतोय. त्याला इथवर यायची गरजच काय?"

हमूद माझ्याकडे बघत राहिला. मी म्हणाले, "मामा मंगळवारी येतो आहे. गुरुवारी एडनहून विमान आहेच. चार दिवसांनी काय बिघडतं? आपण आपल्या माणसाबरोबर, मान वर करून जाऊ."

गदीर म्हणाली, "मान वर धरायला ताकद लागते, आई." पण हसून म्हणाली.

तुझ्यासाठी मधाची पोळी करते आहे. पीठ जपून ठेवलं होतं. ये.

हूरिया


सना, १२ नोव्हेंबर २०१८

मुतह्हर,

हे पत्र दुसऱ्या एका आजाऱ्याबरोबर तुझ्या कैरोच्या पत्त्यावर जाईल. तू तिथे परत पोचशील तेव्हा दाराखाली पडलेलं असेल. आज मी तुला आणखी एक पत्र लिहिणार आहे. ते हमूद घेऊन जाईल. दोन्ही पत्रांतलं खरं हे आहे.

मंगळवारी हमूद एकटा आला. आल्या आल्या म्हणाला, "बाई, त्यांना उतरवलं." दक्षिणेकडच्या फौजेच्या शेवटच्या नाक्यावर एका पोराने तुझं ओळखपत्र वाचलं. नाव मुतह्हर, जन्म सना. म्हणाला, सना ज्यांच्या ताब्यात आहे त्यांच्यातल्या बड्या घराण्यांचं हे नाव असतं, हा त्यांचाच माणूस. हमूदने सांगून पाहिलं, की हा आजारी भाचीला न्यायला चालला आहे. ड्रायव्हरने कुठे बोलायचं नसतं ते त्या पोराने हमूदला शिकवलं. बंदुकीच्या दस्त्याने. वरचा एक दात गेला आहे त्याचा.

आपल्या घराण्याच्या नावाने तू अडकलास. त्या नावाचा मला किती अभिमान, हे तुला ठाऊक आहे. लोकांसमोर मी म्हणत आले, माणसं कंगव्याच्या दात्यांसारखी, सगळी सारखी. हजारदा म्हणाले असेन. हमूदला मी नकार दिला तो निकाहच्या पावित्र्यासाठी दिला नाही. त्याचा बाप आपल्या लग्नांत ढोल वाजवायचा, आळीतल्या पोरांची सुंता करायचा, आणि पंगत उठल्यावर दाराजवळ बसून जेवायचा. अशाच्या मुलाची बायको म्हणून माझं नाव काझीच्या वहीत चढावं, हे मला सोसवलं नाही. कैरोत पोचेपर्यंत चार दिवससुद्धा नाही. पोरीने ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

बुधवारी सकाळी मी हमूदला म्हणाले, "काझीला बोलाव." तो म्हणाला, "बाई, बोलावून आणलाय, बाहेर उभा आहे."

निकाह पाच मिनिटांत झाला. बायकोला मेहर काय देणार, असं काझीने विचारलं तेव्हा हमूद म्हणाला, "एक गाडीची जागा, पुढची." गदीर हसली आणि मग बराच वेळ खोकली. दुपारच्या आत निघालो. पुढची जागा गदीरला दिली, मी मध्ये बसून तिला धरलं.

नाक्यावर तोच पोरगा होता. मला ओळखलं त्याने. "पुरुष?"

"हा माझा नवरा," मी म्हणाले. "ही आमची मुलगी."

त्याने कागद उलटा करून पाहिला, हमूदकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याला सगळं कळलं असावं. मी काही बोलते का याची वाट बघत तो थोडा थांबला. मी बोलले नाही. त्याने हात हलवला.

एवढंच करायचं होतं, मुतह्हर. सप्टेंबरमध्ये, ऑक्टोबरमध्ये, निदान ३ नोव्हेंबरला तरी. एवढंच.

सुमाराचा घाट चढताना गदीरचे ओठ निळे पडले. म्हणाली, "आई, खिडकी उघड." उघडीच होती. हमूदने गाडी बाजूला घेतली. मी तिला पुढे वाकवून धरलं, तिला बरं वाटायचं तसं. खाली सगळी शेतं दिसत होती, पायऱ्या पायऱ्यांची. तिने विचारलं, "किती राहिलं?" मी म्हणाले, "थोडं." तिला अंतर विचारायचं होतं का, हे मला ठाऊक नाही. तिसऱ्या प्रहरच्या नमाजाची बांग खालून ऐकू आली तेव्हा ती गेली होती.

घाटाखालच्या गावाने जागा दिली. बायकांनी पाणी तापवलं, मी आणि त्यांनी मिळून तिला न्हाऊ घातलं. दिवस मावळायच्या आत उरकायला हवं होतं. कबरीशी गावचे म्हातारे थांबले. बाईमाणसाला कबरीत उतरवायचं ते तिच्या घरच्या पुरुषाने, परक्याने नाही. त्यांनी विचारलं, "मुलीचं कोण आहे?"

हमूद दूर उभा होता, चपला हातात घेऊन. त्याने माझ्याकडे पाहिलं. आपल्या घराण्यात कुणाला उतरवायला त्याच्या घरच्याला कधी हात लावू दिला नाही आपण.

मी म्हणाले, "तिचे वडील आहेत ते."

तो खाली उतरला आणि तिला घ्यायला दोन्ही हात वर केले. मी आयुष्यभर बोलत आले त्यातलं एवढं एकच वाक्य कुणाच्या कामी आलं.

आता तुझं. हमूद पुन्हा जाऊन आला. तू ज्याच्या कैदेत आहेस त्या अधिकाऱ्याने त्याला सांगितलं, आजारी पोरीचा मामा असेल तर सोडतो, पण घरचं पत्र आण, डॉक्टरचा कागद आण, आणि घरच्याच माणसाने यायला हवं. हमूद म्हणाला, "मेहुणा म्हणून जातो. पण बाई, पत्रात ती आहे असं लिहा. मेलेल्या पोरीच्या मामाला कोण कशाला सोडेल?"

नाका ओलांडल्यावर तो तुला खरं सांगेल. आधी तुला काही खाऊ घालावं, असं त्याला बजावलं आहे. मग तो तुला एडनकडे परत सोडेल. इकडे येऊ नकोस. इथे आता तुझ्यासाठी फक्त मी आहे, आणि तेवढ्यासाठी कुणी हा रस्ता धरू नये.

हूरिया


सना, १२ नोव्हेंबर २०१८

प्रिय भाऊ मुतह्हर,

अल्ला तुला सुखरूप ठेवो, आणि ज्यांच्या ताब्यात तू आहेस त्यांनाही. हे पत्र आधी ते साहेब वाचतील, म्हणून त्यांना माझा सलाम. साहेब, मी एक साधी बाई आहे, मला फारसं लिहिता-बोलता येत नाही. काही चुकलं तर पदरात घ्या.

तुझी भाची गदीर तुझी वाट बघते आहे. सोबत डॉक्टरचा कागद जोडला आहे. शस्त्रक्रियेची तारीख १५ नोव्हेंबर आहे, अजून तीन दिवस आहेत. तू आलास तर वेळेत पोचू. आता तिला जरा बरं आहे. काल रात्री नीट झोपली. सकाळी थोडी पेज घेतली, मीठ न घालता, तू सांगितलंस तसं. मला म्हणाली, मामाला लिही, मी तीन पायऱ्या चढले. मी म्हणाले, चढू नकोस, मामा आला की उचलून नेईल.

तू कुणाच्या बाजूचा नाहीस हे मी सांगायला नको. तू विमानांची अंतरं मोजणारा माणूस. तुला सोडलं तर एका लेकराचा जीव वाचेल आणि आम्ही आयुष्यभर दुवा देऊ.

पत्र घेऊन येणारे हमूद हे तुझे मेहुणे. ते सांगतील तसं कर. रस्त्यात त्यांचा मान ठेव, त्यांच्याआधी जेवू नकोस.

लवकर ये. ती दाराकडेच बघत बसली आहे.

तुझी बहीण,
हूरिया, हमूद ढोलवाल्याची बायको